तित्तर आळशी नाही

मी चतुर (ड्रॅगनफ्लाय) बघते आणि माळावरचे तित्तरही बघते, त्यामुळे हा प्रश्न मला ठरलेलाच: "बोटाएवढा चतुर समुद्र ओलांडतो आणि एवढे पंख असून तित्तर थोडं उडून लगेच खाली बसतो. आळशीच म्हणायचा ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आळशी हा शब्द माझ्या मनाला लागतो.

तुम्ही म्हणता त्या चतुराचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हसेन्स. पावसाच्या दिवसांत मोकळ्या जागेवर थव्याने तरंगणारा, पिवळसर. वजन अर्धा ग्रॅमही नाही. मागचे पंख बुडाशी चांगले रुंद, त्यामुळे वाऱ्यावर बराच वेळ नुसतं तरंगत राहता येतं. मालदीवमध्ये साठलेलं गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर तिथे झुंडीने उतरतात. ते भारतातून येतात आणि वाऱ्याबरोबर पुढे आफ्रिकेकडे जातात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. परत येतात ती पुढची पिढी. पण मुळात जायचं कशाला? त्याची अंडी पावसाच्या डबक्यात. दीड-दोन महिन्यांत अळी वाढते, गवताच्या काडीवर चढून कात टाकते, आणि तोवर डबकं आटत आलेलं असतं. त्याला थांबायला घरच उरत नाही.

तित्तराचं घर जागच्या जागी असतं. एकदा झुडपापाशी मातीत ताजे ठसे दिसले, पक्षी दिसेना. मी थबकले. तो दोन हातांवर गवताला चिकटून बसला होता. पाठीवरच्या बारीक आडव्या रेघा सुकल्या काड्यांतून वेगळ्या काढता येईनात. डोळा तेवढा चमकत होता. मी पाऊल हलवलं आणि फर्रर्र! पंखांचा वारा गालाला लागला. तित्तराच्या छातीचे स्नायू एका झटक्यात सगळी ताकद देतात आणि तितक्याच लवकर थकतात. कोल्ह्याच्या तोंडून सुटायला एवढं एक उड्डाण पुरतं. पुढचं काम पायांचं, आणि पाय त्याचे फार भक्कम.

म्हणून माळ पेटवलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. तित्तराची अंडी जमिनीवरच, झुडपाच्या बुडाशी, उथळ खळग्यात असतात. चतुर दुसरं डबकं शोधेल. तित्तर राखेतून चालत त्याच झुडपाकडे परत येतो. मी दोनदा पाहिलंय.