आईची तिसरी केमो

आज आईची तिसरी केमो. शीर काही सापडेना. सिस्टरांनी सुई बाजूला ठेवली, आईच्या हातावर गरम शेक दिला आणि गप्पा मारत बसल्या. मग एकाच टोचण्यात काम झालं! ते लाल औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं, म्हणून जरा चुरचुरलं तरी लगेच सांगायचं, हे त्यांनी तीनदा बजावलं. शिवाय दुसऱ्या एका सिस्टरबरोबर नाव आणि डोस ताडून पाहिला. निघताना म्हणाल्या, "ताप 100.4 झाला की रात्री दोनलासुद्धा फोन करा, सकाळची वाट बघू नका."

केस गेल्यापासून आई इतकं मोकळं कुणाशीच बोलली नव्हती. माझ्याशीही नाही. आज त्यांचा हात धरून बोलत राहिली.