फोटो माझे, तीळ गायब

मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ कसा केलास, असं हल्ली बऱ्याच जणी विचारतात. शूटबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर ऊन चढायच्या आत उरकलं, सुरूच्या बनात आई चादर धरून उभी राहिली, मी आडोशाला कपडे बदलले, संपलं. (किनाऱ्यावर काढायचे तर सकाळीच काढा. आपला समुद्र पश्चिमेला, संध्याकाळी तिकडे तोंड केलं की ऊन थेट डोळ्यांत.) घोळ झाला तो फोटो हातात येण्याचा.

स्टुडिओ रत्नागिरीतलाच, लग्नांची कामं करणारा. काकांचा हात चांगला, हे आजही म्हणेन. पण शूट झालं ऐन एप्रिलात. एप्रिल-मे म्हणजे लग्नं, त्यात मुंबईकर गावी आलेले. "उद्या ये." "सोमवारी नक्की." "काल लाइट नव्हती गो." मग हार्ड डिस्क भरली. मी गेले की काउंटरवर कुणाच्या तरी हळदीचा अल्बम उघडा आणि माझ्यापुढे चहा. चहाला कधी नाही म्हणाले नाहीत, फोटोंचं तेवढं विचारायचं नाही!

शेवटी मिळाले, तर मीच मला ओळखेना. माझा रंग सावळा. फोटोत मी गोरीपान, गाल मेणासारखे गुळगुळीत आणि हनुवटीवरचा तीळ गायब. "सगळं साफ करून दिलंय, वेगळे पैसे नाही लावले," काका खुशीत. नवऱ्यामुली हेच मागतात, त्यांना तरी काय बोलणार. पण एजन्सीला त्वचा आहे तशी बघायची असते. फोटोत एक आणि दारात दुसरीच मुलगी उभी, हे त्यांना नको असतं. थोडंफार रंग-उजेडाचं काम चालतं, चेहरा बदललेला चालत नाही.

मूळ फाइल मागितल्या, तर "रॉ आम्ही कुणाला देत नाही." परत चहा. तेवढ्यात ओळखीच्या एका वकीलकाकूंनी सांगितलं, कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे देऊन आपण फोटो काढून घेतले आणि उलट काही करार केलेला नसला, तर कॉपीराइट आपला. रॉ फाइल हातात द्यायलाच हवी असं त्यात नाही, पण बोलायला जोर आला. तरी काकांसमोर कलम काढलं नाही. गावात रोज तोंड दिसतं. म्हटलं, "काका, रॉ राहू दे तुमच्याकडे. मी निवडलेल्या फोटोंना हात न लावता नुसत्या जेपीजी करून द्या, पूर्ण साइझच्या." ते "बघू" म्हणाले. मी उठलेच नाही. एडिटिंगला बसणाऱ्या मुलाशेजारी स्टूल ओढलं आणि नंबर वाचायला लागले. त्याने एकेक निवडून पेनड्राइव्हवर टाकले. चहा निवायच्या आत काम झालं! ज्यासाठी अख्खा सिझन हेलपाटे घातले ते. अजून आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून अॅडव्हान्स द्यायच्या आधी एका कागदावर लिहून घ्या: फोटो किती, कधी मिळणार, न एडिट केलेल्या जेपीजी मिळणार का. रंग उजळायचा नाही, हेही लिहाच.

आणि साध्या फोटोंसाठी स्टुडिओ लागतच नाही. एजन्सीवाले त्यांना डिजिटल्स म्हणतात. मेकअप नाही, अंगाबरोबर बसणारे साधे कपडे, समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उभं, केस मोकळे आणि बांधलेले. माझे भावाने पडवीतल्या पांढऱ्या भिंतीपुढे फोनवर काढले. उभ्या फोटोला फोन कमरेच्या उंचीवर धरायचा, नाहीतर पाय आखूड दिसतात. चेहऱ्याला फार जवळ आणायचा नाही, नाक मोठं येतं. लांब राहून थोडा झूम करायचा.

पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकू नका, दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून टाका किंवा ड्राइव्हची लिंक द्या. बरे तेवढेच ठेवा, दहा-बारा पुरेत. एकाच ड्रेसमधले पाच कुणी बघत नाही. कॉम्प कार्डवर, म्हणजे मॉडेलच्या व्हिजिटिंग कार्डावर, पुढे चेहरा, मागे तीन-चार वेगळे फोटो आणि मापं.

"आधी नोंदणीचे पैसे भरा, पोर्टफोलिओ आमच्याकडेच काढा," असं म्हणणाऱ्या एजन्सीचा फोन ठेवून द्या. खरी एजन्सी काम मिळवून दिल्यावर त्यातलं कमिशन घेते. मला असे फोन आले. आईने एकाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तीळवाले फोटो पाठवल्यावर मुंबईच्या एका एजन्सीने भेटायला बोलावलंय. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मीच काढले ना!" काढले खरे.

हो, उंची अनवाणी मोजा आणि इंच वाढवून लिहू नका. तिथे गेल्यावर टेप लावतात.