स्प्रिंट दोन आठवड्यांचा, सही दीड महिन्याची

आमच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आणि मी सांगलीत, साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीममध्ये. स्क्रम, म्हणजे काम दोन-दोन आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) करून, वापरणाऱ्याला दाखवत पुढे जायची पद्धत, सुरू करताना फारसा त्रास झाला नाही. ट्रेनिंग झालं, भिंतीवर चिठ्ठ्या लागल्या, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने बोलायची सवयही लागली.

घोडं अडलं चेंजच्या फॉर्मवर, म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये बदल करायची परवानगी मागायच्या कागदावर.

नऊ पानी फॉर्म. तिसऱ्या पानावर ‘संपूर्ण आवश्यकता’ लिहायच्या, खाली चार खात्यांच्या सह्या. मंजुरी देणारी समिती महिन्यातून एकदाच बसणार. पहिल्यांदा फॉर्म परत आला: ‘पुढील सर्व टप्प्यांचा तपशील जोडावा.’ अहो, पुढचं काय ते काट्यावरचा माणूस वापरून सांगणार, त्यासाठीच तर हा खटाटोप! दुसऱ्यांदा परत आला, कारण सहाव्या पानावर शिक्का नव्हता. तोवर तीन स्प्रिंट संपले. काम तयार, पण टेस्ट सर्व्हरवर पडून. स्क्रम ज्या ‘अजाइल’ विचारात मोडतं, त्याचा २००१ साली अमेरिकेत १७ जणांनी लिहिलेला जाहीरनामा आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतला होता. ठरलेल्या आराखड्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असं त्यात आहे. फॉर्म बनवणाऱ्याला तो कुणी दाखवला नसावा.

वैतागून एक दिवस लॅपटॉप घेऊन थेट काट्यावर गेलो. (हे पहिल्याच आठवड्यात करा. मी उशिरा केलं.) खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न चालूच. काट्यावरच्या मामांनी मॉनिटरला पुठ्ठा डकवलेला, त्यावर पेनाने तोडणी टोळ्यांचे कोड. नवा स्क्रीन बघून म्हणाले, “सायब, कोड कशाला? मुकादमाचं नाव टाकलं की टोळी यायला पायजे. आधी इचारायचं की!”

एवढी गोष्ट आमच्या नऊ पानांत कुठेच नव्हती.

वाट शेवटी कंपनीच्याच नियमावलीत सापडली: ‘स्टँडर्ड चेंज’. कमी जोखमीचा, ठरल्या पद्धतीने होणारा बदल एकदाच मंजूर करून घ्यायचा, मग दरवेळी समिती नको. स्क्रीनवरचे बदल त्यात बसवले. वजनाच्या हिशोबाला हात लावायचा तर मात्र जुनाच फॉर्म, आणि ते मला पटतं. शेतकऱ्याचं बिल त्यावर निघतं.

हो, एक राहिलंच. जुनी आवृत्ती परत कशी आणायची ते ऑडिटवाल्यांसमोर करून दाखवा. आमच्याकडे ते त्यानंतरच गप्प झाले.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पुठ्ठा निघाला होता. त्याच जागी मामांनी नवी चिठ्ठी लावलेली: ‘रिकाम्या गाडीच्या वजनाचं अक्षर बारीक दिसतंय.’