काही नाही

"काही नाही हो, अंडाशयात साधी सिस्ट आहे." डॉक्टरीणबाई एवढं म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. कालपासून ते 'काही नाही' घशात अडकून बसलंय.

काही नाही, तर सोनोग्राफीवाले एकदम गप्प का झाले? आधी तर पावसाबद्दल बोलत होते. बाहेर नर्स सारखी "बाय, आनीक उदक पी" करत होती, फुगलेलं पोट घेऊन मी आडवी. पडद्यावर काळा गोळा आला. एक फुली या टोकाला, एक त्या टोकाला. टक, टक. ४.२ बाय ३.८. तेवढ्यात मी धाकटीच्या दहावीपर्यंत जाऊन आले, माझ्याशिवायच.

आईला फोन केला. "काही नाही गो, मलापण होतं." होतं? कधी? मला अडतिसाव्या वर्षी कळतंय! आणि ह्यांनी फाईल न उघडता... जाऊ दे.

कुणी म्हणजे कुणी घाबरलं नाही माझ्यासाठी. फोंड्याहून येताना कदंबाच्या बसमध्ये खिडकीशी बसून डोळे पुसले. शेजारच्या बाईला वाटलं पावसाचे शिंतोडे. तिने काच सरकवली.

रात्री रिपोर्ट घेऊन बसले. 'अ‍ॅनेकोइक' म्हणजे प्रतिध्वनी नसलेलं. यंत्राचा आवाज आत जातो आणि काहीच परत येत नाही, कारण आत नुसतं पाणी. म्हणून काळं. म्हणजे बाईंनी मला उडवून लावलं नव्हतं, रिपोर्टच वाचून दाखवला होता की! भिंत पातळ, मध्ये पडदे नाहीत, घट्ट भाग नाही, डॉप्लरवर आत रक्तप्रवाह नाही. नाही, नाही, नाही. बीजाची पिशवी दर महिन्याला साधारण २ सेंमीपर्यंत वाढून फुटते. ही बहुधा फुटायचं विसरली नि फुगत राहिली. विसराळूपणात माझ्यावर गेलीय. पाळी चालू असण्याच्या वयात ५ सेंमीच्या आतली अशी साधी सिस्ट बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपणच जिरते. आत धुरकट काचेसारखं दिसलं असतं तर चॉकलेट सिस्टचा, म्हणजे जुनं रक्त साठलेल्या गाठीचा संशय. चॉकलेट! हे नाव ठेवणारा नक्की पुरुष असणार.

फाईलच्या मागे बाईंचं अक्षर, खाली दोन रेघा: अचानक जोरात दुखलं, उलट्या झाल्या तर लगेच या, अंडाशयाला पीळ पडू शकतो. म्हणजे सांगितलं असणार. मी तेव्हा 'काही नाही'तच अडकलेली.

सहा आठवड्यांनी, पाळी झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी. म्हणजे ऐन चवथीत, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या धांदलीत. तिथेही पाणी पिऊन फुगायचं.

झोपण्याआधी शिवणाच्या डब्यातली टेप काढून एक लिंबू मोजलं. ४ सेंमीच्या जरा वर. ओट्यावरच ठेवलं, कापवेना. सकाळी सासूबाईंनी त्याचं सरबत करून पुढ्यात ठेवलं. साखर कमी होती.