पवईच्या काठावर मालवणचा मामा

लग्नकार्य उरकलं आणि मामाला मी पवईला नेलं. हयात कालावलच्या खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकण्यात गेलेला हा माणूस, आणि मला त्याच्या हातात फ्लाय रॉड, म्हणजे खोट्या किड्याने मासे धरायची काठी, द्यायची होती. घरच्यांना हे खूळ वाटलं. डोंबिवलीहून पहाटेची धीमी लोकल, कांजुरमार्गला रिक्षा. मासे धरायचा परवाना आधीच काढून ठेवला होता. तलावात मगरी आहेत, पाण्यात पाय घालायचा नाही, एवढं बजावलं.

काठावर जलपर्णी पसरलेली, तिच्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य. रोज इतकी माणसं इथे फिरायला येतात आणि हे पाहून पुढे निघून जातात, याचा मला दर वेळी संताप येतो. मोकळं पाणी आणि पाठीमागे झाड नसलेली जागा शोधण्यातच बराच वेळ गेला.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि धागा गुंडाळून केलेला खोटा किडा. गांडूळ नाही, कणीक नाही. मामाने तो तळहातावर घेतला. "वजन खंय आसा हेका?"

वजन दोरीत असतं. जाडसर, रंगीत दोरी. फेकायची ती, किडा नुसता तिच्यामागून जातो. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत सरळ झाली की मगच पुढे. नवशिक्याला हे थांबणंच जमत नाही. तो घाई करतो, दोरी चाबकासारखी कडाडते आणि किडा तुटून जातो. माझं सांगणं संपायच्या आत मामाने दोरी बोटांतून सरकवून पाहिली, मान वळवून मागे बघितलं आणि काठी उचलली. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत तो थांबला. हातातून सुटलेला पाग हवेत उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग पुढे. किडा पाण्यावर अलगद उतरला. मला शिकायला महिने लागले होते ते मामाच्या खांद्यात आधीपासूनच होतं, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की बोलताच येईना.

ऊन चढता चढता त्याला चिलापी लागली. हाताएवढी, काळपट. गळाला उलटा काटा नव्हता, सहज सुटला. मी ती पाण्यातच धरून सोडून दिली.

मामा दुखावला. "सोडूचीच होती तर धरूची कित्याक?"

मी म्हटलं, इथे मासा सोडायचाच असतो. शिवाय तलावात सांडपाणी येतं, खाणार कसा? तो म्हणाला, मग भांडायचं ते सांडपाण्याशी, माशाला कशाला छळतोस?

1891 मध्ये हा तलाव मुंबईला पिण्याचं पाणी देण्यासाठी बांधला. ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि आता मासाही खाववत नाही. काठावर आयआयटी आहे, उंच इमारती आहेत, आणि खाडीवरचा एक म्हातारा विचारतो त्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नाही. सांडपाण्याशी भांडायचं हे मामाचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

मासा सोडण्याबद्दल मात्र आमचं एकमत झालेलं नाही. मे महिन्यात काठी घेऊन मी कालावलला जाणार आहे. तिथे तांबोशी लागली तर ती घरी न्यायची, ही मामाची अट मी मान्य केली आहे.