तक्त्यावर ‘नको’ कुठाय?

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना एएसी, म्हणजे ज्यांना तोंडानं बोलता येत नाही त्यांना चित्रं, खुणा, टॅब अशा दुसऱ्या वाटांनी बोलतं करणं, शिकवायची पाळी माझ्यावर येते आणि दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एक अक्षर लिहीत नाही. हजेरी घेते आणि सांगते, आता पाऊण तास कुणी तोंड उघडायचं नाही. प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला तक्ता, त्यावर बारा चित्रं. पाणी, जेवण, शू, शी, झोप, दुखतंय, आई, बाबा, खेळ, टीव्ही, हो, नाही. जोडीजोडीनं कॅन्टीनला जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, बास.

पहिली पाच मिनिटं नुसती खीखी चालते. यावेळी एक पोरगी परत आली ती फणफणतच. तिला बिनसाखरेचा चहा पाहिजे होता, ती आपली तक्त्यावर बोटं आपटतेय, मामांनी आधी पाण्याचा ग्लास दिला, मग बोट ‘दुखतंय’वर गेलं म्हणून बसायला खुर्ची दिली, आणि शेवटी सोबतच्या पोराला विचारलं, “हिला काय पाहिजे रं?” ही समोर उभी असताना! सगळा वर्ग हसला, ती नाही हसली. पाऊण तास संपल्यावर तिचं पहिलं वाक्य, “मॅडम, ह्या तक्त्यावर ‘नको’ कुठाय?”

माझं लेक्चर तिथून सुरू होतं.

तो तक्ता मी मुद्दाम वाईट केलेला नाही बरं का. मी नवीन नवीन काम करायला लागले तेव्हा खरंच असाच तक्ता करून घराघरात वाटत होते, आणि वर खूशही होते की किती उपयोगाच्या गोष्टी घातल्यात. पोराला तहान लागली तर सांगता येईल, शू आली तर सांगता येईल. आता वाटतं की ते पोरासाठी नव्हतंच, सांभाळणाऱ्याच्या सोयीसाठी होतं. दिवसभर माणूस काय फक्त पाणी आणि शू बोलतो का?

म्हणून मग दुसरा गृहपाठ. घरी पाच मिनिटं सगळ्यांचं बोलणं ऐकायचं आणि शब्द लिहून काढायचे. सगळ्यांच्या वह्यांत तेच तेच येतं, बघ, काय, आता, नको, दे, थांब, चल, परत, कुठं, असं, झालं. आपल्या रोजच्या बोलण्यातला साधारण ८० टक्के भाग अशा दोन-चारशे शब्दांतच फिरत असतो, यांना कोअर शब्द म्हणतात. चहा, टीव्ही, केळं हे बाकीच्यातले. गंमत अशी की चित्र काढायला केळं सोपं आणि ‘परत’ अवघड, म्हणून तक्ते केळ्यांनी भरतात.

आणि मग इंटरनेटवरून उतरवलेले तक्ते. त्यात डावीकडून मी, मग पाहिजे, मग वस्तू, कारण मूळ तक्ता इंग्रजी. पोरगं तसं बोट फिरवत गेलं की होतं ‘मी पाहिजे चहा’. आपलं क्रियापद शेवटी बसतं आणि पाहिजेला ‘मी’ चालत नाही, ‘मला’ लागतं, म्हणजे ते बटण वेगळंच हवं. उलट इंग्रजीला दोन-तीन शब्द लागतात ते आपण एका ‘नको’त मिटवतो, एवढा सोन्यासारखा शब्द आणि तोच बाहेर. कोल्हापुरात आणखी एक भानगड. टॅबवर बोट ठेवलं की बोलणाऱ्या अॅपमधली बाई गोड आवाजात ‘मी जाते’ म्हणते आणि घरातल्या सगळ्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणणाऱ्या. एका पोरीच्या आत्यानं मला विचारलं होतं, ही पुण्याची कधी झाली? मी वर्गात जाते म्हणते, घरी मीसुद्धा जातोच म्हणते. पोरीला तिच्या घरातलं बोलणं मिळायला पाहिजे, असं माझं मत आहे, शुद्ध-अशुद्धवाल्यांनी नंतर यावं.

अॅपवरून आठवलं, दुसऱ्या तासाला हमखास प्रश्न येतो, “मॅडम, टॅब कुठला घ्यायचा?” आयआयटी मुंबईचं जेलो आहे, फुकट आहे, मराठीत आहे. चेन्नईचं ‘आवाज’ नावाचं अॅप आहे. दोन्ही दाखवते. पण त्याआधी शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगची गोष्ट सांगते. त्यांचा कॉम्प्युटरचा आवाज सगळ्यांना माहीत असतो, पण १९८५ साली ऑपरेशननंतर बोलणं गेलं तेव्हा सुरुवातीला त्यांच्यासमोर अक्षरांचं कार्ड धरायचे, बरोबर अक्षरावर बोट आलं की ते भुवई उचलायचे. कार्ड आणि भुवई, एवढ्यावर एक एक शब्द. हातवारे, मान हलवणं, डोळे, चित्रं, टॅब, सगळं एएसीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच ते आलंय, म्हणजे ही काय आपण मेहरबानी करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आज्जीला तोंड द्यायला शिकवण्यात. घरी गेलं की आज्जी म्हणणारच, “तक्ता हातात दिलासा तर पोरगं बोलायचंच बंद हुईल.” भीती खरी असते, हसायचं नाही. पोरांना मी एएसीवरच्या संशोधनाचा २००६ चा एक आढावा सांगते, त्यात तपासलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलंच होतं. पण आज्जीला हे आकडे सांगून काय उपयोग? आज्जीला विचारायचं, विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधला होता का? डब्यामुळं कोण पोहायचं विसरलं? आज्जी जरा गप्प होते.

मग मॉडेलिंग. म्हणजे आपण बोलता बोलता स्वतः तक्त्यावर बोट ठेवायचं, पोराची परीक्षा घ्यायची नाही. ‘दाखव बघू पाणी कुठाय’ हे बंद. तान्हं बाळ वर्षभर नुसतं ऐकतं तेव्हा कुठं पहिला शब्द येतो, मग तक्त्याची भाषा आठवड्यात कशी येईल? आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. हे दहा आकडे पहिल्या वर्षाला अजिबात जमत नाहीत, तीनवरच तोंड उघडतं. मलाही अजून कधी कधी सातवर उघडतं.

गेल्या सत्रात शिवाजी पेठेत एका सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या पोराकडं आम्ही जात होतो, वय अकरा, फुटबॉलचा लई नाद, शाहू स्टेडियमची मॅच चुकवत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं पहिल्या तक्त्यात ‘बॉल’ घातला होता. त्यानं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्यात तिनं त्याच्या तालमीच्या टीमचं नाव, समोरच्या तालमीच्या टीमचं नाव आणि ‘रेफ्रीनं फसवलं’ असं घातलं. त्या दिवशी पोरगं आमच्याशी वीस मिनिटं बोललं, त्यातली निम्मी रेफ्रीवर.

पुढच्या आठवड्यात ती वर्गात उभी राहिली, “मॅडम, त्याला शिवी पाहिजे तक्त्यावर. घालायची का?” त्यावर वर्गात तासभर भांडण. मी घाला म्हणाले, अकरा वर्षांच्या पोराला गल्लीत बाकीची पोरं जे बोलतात ते बोलता आलं पाहिजे. त्याच्या आईनं एकच चालेल म्हणून सांगितलंय, आणि कुठली ते ठरवायला काकांना बसवलंय.