हावियेर: एका आडनावाचं मूळ घर

उत्तर स्पेनच्या नवारा प्रांतात, पाम्प्लोनाहून पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर हावियेर आहे. गाव म्हणावं तर मोजकी घरं, एक किल्ला, त्याला लागून बॅसिलिका आणि यात्रेकरूंसाठी एक-दोन हॉटेलं. सांग्वेसापर्यंत बस मिळाली, पुढे टॅक्सी केली. जूनचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, उत्तरेला लेइरेचे डोंगर.

मी वसईचा. आमच्याकडे झेवियर हे नाव चर्चला आहे, शाळेला आहे, वर्गातल्या मुलांनाही होतं. सोळाव्या शतकातले धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेलेले. पण झेवियर, म्हणजेच स्पॅनिशमधलं हावियेर, हे मुळात माणसाचं नाव नाही, एका घराचं नाव आहे, हे कळलं तेव्हापासून ते घर बघायचं मनात होतं.

बास्क या इथल्या जुन्या भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवं. एचेबेरी, नवं घर. बास्क मुलुखात या नावाची घरं आणि वस्त्या जागोजागी आहेत. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव होतं, तिथे ते घरावरूनच पडतं. म्हणून एचेवेरिया, एचावारी, चावारी ही सगळी आडनावं एकाच मुळाची. इथे मात्र आसपासच्या रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या, बोलीने शब्द आपल्या वळणावर नेला: सुरुवातीचा ‘ए’ गळाला, ‘बेरी’चं ‘विएर’ झालं आणि शावियेर उरलं. पुढे स्पॅनिशमधला हा ‘श’ घशात उतरला आणि हावियेर झालं. पोर्तुगिजांनी ‘श’ ठेवला, त्यामुळे गोव्याच्या कोकणीतलं ‘शाविएर’ जुन्या उच्चाराला आजच्या स्पॅनिशपेक्षा जवळचं आहे. आपलं झेवियर इंग्रजीतून आलं. आणि हो, वसई रोड स्टेशनालगतच आमचं नवघर आहे. किल्ल्याच्या दारात उभं राहून मला ते आठवलं आणि फार आनंद झाला.

आता संतांचं आडनाव. वडील हुआन दे हासो, नवाराच्या राजाच्या दरबारातले मोठे अधिकारी. हासो हे त्यांच्या मूळ गावाचं नाव, ते आज फ्रान्सच्या हद्दीत आहे. आई मारिया दे आस्पिलिकुएता. हावियेरचा किल्ला या आईकडून आला. 7 एप्रिल 1506 रोजी इथे जन्मलेल्या धाकट्या मुलाने आईच्या घराचं नाव लावलं, तर थोरल्या भावांपैकी एक हुआन दे आस्पिलिकुएता म्हणून ओळखला गेला. सख्खे भाऊ, आडनावं वेगळी. त्या काळी तिथे यात कुणाला वावगं वाटत नसे. ज्या घराण्याचा, ज्या वतनाचा वारसा, त्याचं नाव. चेल्सी क्लबचा फुटबॉलपटू सेसार आस्पिलिकुएता ज्यांना आठवतो, त्यांच्यासाठी: तोही पाम्प्लोनाचाच, आणि ते आडनावही बास्तान खोऱ्यातल्या एका गावाचं आहे.

आज दिसतो तो किल्ला बराचसा पुन्हा उभारलेला आहे. 1512 मध्ये शेजारच्या कास्तिल्याच्या राज्याने नवारा जिंकलं आणि 1516 मध्ये तिथला कारभार पाहणाऱ्या कार्दिनाल सिस्नेरोस यांच्या हुकुमाने इथले बुरूज छाटले, तटबंदी पाडली, खंदक बुजवले. राहायची जागा तेवढी सोडली. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचे. वडील आदल्याच वर्षी गेलेले, भाऊ हरलेल्या राजाच्या बाजूने लढत होते. ज्या घराचं नाव पुढे जगभर गेलं, ते त्यांनी लहानपणी असं पडताना पाहिलं. 1525 मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले.

किल्ल्यात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो ख्रिस्ताच्या नावाच्या बुरुजातल्या छोट्या प्रार्थनाघरात. अक्रोडाच्या लाकडात कोरलेला क्रूसावरचा ख्रिस्त आहे, आणि तो हसतोय. खूप नाही, ओठांच्या कोपऱ्यात. मान झुकलेली, बरगड्या दिसतायत, तरी चेहरा शांत. मागे भिंतीवर सांगाडे नाचताहेत. मृत्यूच्या नाचाची ही जुनी चित्रं फार दुर्मिळ मानली जातात. संत घर सोडून गेले त्याआधीपासून हे सगळं इथे आहे. मी दोनदा बाहेर आलो आणि दोनदा परत आत गेलो.

1622 मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि आडनावाचं पाळण्यातलं नाव झालं. फ्रान्सिस्को हावियेर अशी जोडी मुलांना ठेवायची रीत पडली, मग नुसतं हावियेर. फुटबॉलमधला चावी आणि शाबी आलोन्सो, दोघांचीही नावं याच दगडी घरातून निघाली आहेत. पहिलं कातालान रूप, दुसरं बास्क.

या भागात आज बास्क फारशी कानावर पडत नाही. मला तर पाटीवरच दिसली. पण 1544 मध्ये कोचीहून लिहिलेल्या पत्रात फ्रान्सिस सांगतात की किनाऱ्यावरच्या लोकांची मूळ भाषा मलबारी, माझी बास्क, त्यामुळे एकमेकांचं कळेना. मलबारी म्हणजे तमिळ. पॅरिसात शिकून, लिस्बन पाहून आलेला माणूस आपली भाषा म्हणून बास्कचं नाव घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं. 3 डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी जुन्या गोव्यात फेस्त असतं, नवारात नवारा दिन आणि बास्क भाषिकांचा भाषा दिनही.

जायचं असेल तर मार्चमध्ये जा. तेव्हा हावियेरादा असते, म्हणजे त्यांची पायी वारी. पाम्प्लोनापासून रात्रभर चालत लोक येतात. तेवढं झेपणार नसेल तर सांग्वेसाहून शेवटचे सात-आठ किलोमीटर चालणारेही पुष्कळ असतात. किल्ल्याइतकंच गावातलं पॅरिश चर्चही चुकवू नका. ज्या दगडी कुंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, ते तिथे आहे.